पेढ्याच्या दुकानाचं सुतक

"हितं भितीवरचं कॅलेंडर तरी वरीसभर टिकतं, मानूस काय टिकत न्हाई," तानुबाई म्हणाली आणि तळहातावर दाबलेला पेढा तिनं परातीत ठेवला.

"कॅलेंडराला कुनी बोलत न्हाई मावशी, म्हणून टिकतं," जोतिबा म्हणाला.

हे बोलणं चाललं होतं तेव्हा मालक बाळासो देगावकर साखरेच्या पोत्यांमागं ओणवे होऊन पडलेलं पेन शोधत होते. पेन केव्हाच सापडलं होतं. आता उठायचं कसं, एवढाच प्रश्न होता. उठलं तर ऐकलं असं होणार, आणि ऐकलं असं झालं की काहीतरी बोलावं लागणार. म्हणून साताऱ्यातल्या एका नावाजलेल्या पेढेवाल्यानं भर दुपारी पोत्यांच्या आड गुडघे मोडून, ती दोघं चहाला उठेपर्यंत कळ काढली. कमरेत उसण भरली ती निराळीच.

पण मनातली उसण जास्त दुखत होती, कारण तानुबाई खोटं बोलत नव्हती. वर्षभरात दोघं सोडून गेले होते. एक मुंबईला गिरणीत गेला, ते समजण्यासारखं होतं. दुसरा साखर कारखान्यात वॉचमन झाला, कारण तिथं बसायला खुर्ची मिळते. हे मात्र बाळासोंना लागलं. माणसानं पेढ्यासारखा गोड धंदा सोडून एका खुर्चीवर जावं? उरले चौघं. भट्टीवर दूध आटवणारा आकाराम, हाताखाली जोतिबा, पेढे वळायला तानुबाई आणि खोकी करायला कुतुबुद्दीन. यातला आकाराम गेला तर दुकानाला कुलूप लावायचं, हे बाळासोंना माहीत होतं. दुर्दैवानं ते समोरच्या पेढेवाल्यालाही माहीत होतं. अलीकडं तो रोज सकाळी रस्ता ओलांडून आकारामला "काय आकाराम, बरं हाय का?" असं विचारायला लागला होता. दुसऱ्याच्या कामगाराची तब्येत माणूस इतक्या मायेनं विचारतो, तेव्हा त्याच्या मनात काय असतं ते सांगायला नको.

त्यात जून तोंडावर आलेला. जूनमध्ये एस.एस.सी.चा निकाल, आणि निकालाचा दिवस म्हणजे पेढेवाल्यांची दिवाळी. पास झालेल्यांच्या घरी पेढे जातातच. नापास झालेल्यांच्या घरीही अर्धा किलो जातात, शेजाऱ्यांना लगेच कळू नये म्हणून.

अशा वेळी सांगलीत विश्रामबागेला व्यापाऱ्यांचं दोन दिवसांचं शिबिर निघालं. विषय होता 'छोट्या धंद्यात माणसं कशी टिकवावीत'. बाळासो निघाले. जेवण आहे असं कळल्यावर लालासाहेबही निघाले. लालासाहेब म्हणजे कचेरीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून. सकाळी आठला दुकानासमोरच्या बाकावर बसायचे ते दिवे लागेपर्यंत. सल्ला सर्वांना फुकट. पेढा आजवर कधी विकत घेतलेला नाही.

शिबिरात पुण्याचे प्राध्यापक केळशीकर बोलले. ते जपानला जाऊन आले होते, तीन आठवडे. तीन आठवडे जपानात राहिलेला माणूस उरलेला जन्म तिथंच राहतो, हे पुढं सगळ्यांच्याच लक्षात आलं. तिकडं म्हणे कामगार कारखान्याला घर समजतात. सकाळी उभं राहून कंपनीचं गाणं म्हणतात. मालक बाप, कामगार लेकरं. कुणी सोडून जात नाही. "कारण," प्राध्यापकांनी टेबलावर बोट आपटलं, "घर सोडून कुणी जातं का?"

घर सोडून गेलेली निदान दहा माणसं बाळासोंना ओळखीतली सांगता आली असती, त्यातला एक तर सख्खा भाऊ. पण त्या घटकेला एकही आठवला नाही. एसटीत बसल्याबसल्या, कराड यायच्या आत, त्यांनी ठरवून टाकलं.

त्या वर्षी आणीबाणीमुळं देशभर शिस्तीचं वारं होतं आणि जो तो भिंतीवर काहीतरी लिहीत होता. बाळासोंनीही पेंटर बोलावला. दुकानावर पाटी लागली: 'आम्ही एक कुटुंब. देगावकर व त्यांची चार लेकरं.' सोमवारी सकाळी सगळ्यांना ओळीनं उभं करून त्यांनी सांगितलं, "आजपासून मला मालक म्हणायचं नाही. बाबा म्हणायचं."

तानुबाई त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. तिनं पदर नीट केला आणि विचारलं, "आन वैनींना आई म्हनायचं का?"

"म्हणायला हरकत नाही."

"मग सासुरवास कंचा समजायचा? हितला का घरचा?"

बाळासो हसले. मोठ्या सुधारणेच्या पहिल्या दिवशी माणसानं हसतंच राहावं, असं शिबिरात सांगितलं होतं.

गाणं त्यांनी स्वतः रचलं. चाल मात्र आरतीची घ्यावी लागली, कारण पाचही जणांना पाठ असलेली तेवढी एकच चाल निघाली. कुतुबुद्दीनचा आवाज खडा, मोहरमच्या पंजांपुढं कमावलेला; तो सगळ्यात वर चढायचा. तिसऱ्या दिवशी मंगळवार पेठेतल्या दोन म्हाताऱ्या दुकानापुढं हात जोडून उभ्या राहिल्या. गाणं संपल्यावर त्यांनी कपाळाला हात लावले आणि प्रसादासाठी पुढं केले. पेढ्याच्या दुकानात, पेढ्यांच्या पराती समोर मांडलेल्या असताना, प्रसाद नाही म्हणून कसं सांगणार? पुढच्या आठवड्यात म्हाताऱ्या सात झाल्या. बाळासोंनी गाणं बंद केलं. म्हाताऱ्या तरीही दोन दिवस येत राहिल्या.

खरी गंमत पुढंच होती. प्राध्यापकांचं कुटुंब पुस्तकातलं. बाळासोंच्या चार लेकरांना कुटुंब म्हणजे काय ते जन्मापासून ठाऊक होतं. कुटुंब म्हणजे आधी मानपान.

"बाबा, थोरला कोन ठरलाय?" जोतिबानं विचारलं.

"म्हणजे?"

"न्हाई, गड्यांत वयानं मी थोरला. पन भट्टी आकारामकडं. मग देवाला पैला पेढा कुनी ठेवायचा?"

"कुणीही ठेवा रे."

'कुणीही' हे उत्तर कुठल्याही घरात चालत नाही. जोतिबा रुसला आणि गावी जाऊन बसला. लालासाहेबांना समजूत घालायला पाठवावं लागलं. ते तिथं दोन दिवस पाहुणचार घेऊन आले. घरी बाळासोंनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या पत्नी शालिनीवहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "इथं कुणी रुसलं की तुम्ही माडीवर जाऊन पेपर वाचता. दुकानाला माडी नाही. कसं निभणार?"

परत आलेल्या जोतिबानं लगेच पुढचं काढलं. त्याच्या लेकीला बघायला पाहुणे येणार होते. "घरचं वडील मानूस म्हणून बैठकीला या, बाबा. आमचा दांडगा मान हुईल."

"आलो असतो रे," बाळासो म्हणाले, "पण दुकान कोण बघणार? असं कर, हे खोकं ने. मीच आलो असं समज."

खोकं बैठकीला बसलं. सोयरीक जमली नाही.

मग एका दुपारी खांद्याला लाल त्रिकोणाची पिशवी लावलेले एक गृहस्थ पाटीपुढं थबकले. त्यांच्यामागं त्या महिन्यात नसबंदीचा आकडा पुरा करायचं काम लागलं होतं. पाटी त्यांनी दोनदा वाचली.

"चार?" त्यांनी सौम्यपणे विचारलं.

"म्हणजे तशी नव्हेत," बाळासो म्हणाले.

तेवढ्यात दाढी कुरवाळत कुतुबुद्दीन आतून आला. "बाबा, ही खोकी कुठं रचू?"

गृहस्थांनी कुतुबुद्दीनच्या दाढीकडं पाहिलं, मग बाळासोंकडं पाहिलं. "हे थोरले का?"

"छे. हे मधले," बाकावरून लालासाहेब म्हणाले.

शेवटी शालिनीवहिनी घरून आल्या आणि त्यांनी आपल्या दोनच मुली पुढं उभ्या केल्या, तेव्हा कुठं गृहस्थ निघाले. तरी जाताना "विचार करा, वेळ गेलेली नाही," असं सांगून गेलेच. समोरचा पेढेवाला आपल्या पायरीवर उभा राहून हे सगळं बघत होता. बाळासोंनी त्या दिवशी घरी जायला मागची गल्ली धरली.

एवढं होऊनही पाटी उतरली नाही, कारण बाळासोंनी मधल्या काळात सांगलीला पत्र टाकलं होतं. त्यात आपल्या प्रयोगाचं वर्णन जरा मोकळ्या हातानं केलं होतं. उत्तर आलं: प्राध्यापक केळशीकर पुन्हा सांगलीला आलेत, त्यांना घेऊन तिथले निवडक व्यापारी मॅटेडोर गाडी करून येणार, रविवारी 'देगावकर कुटुंब' पाहायचं. निकाल मंगळवारी. सगळं जुळून आलं होतं.

त्याच आठवड्यात गुरुवारी दुपारी आकारामच्या गावाहून, उंब्रजहून, एक माणूस आला. दारातूनच त्यानं हाक मारली, "आकाराम, चल. घरात वाईट झालंय."

आकारामनं हातातलं उलथनं कढईला टेकवलं, पंचा खांद्यावर टाकला आणि तो तसाच निघाला. बाळासो गल्ल्यावर गिऱ्हाइकाशी बोलत होते. तो पुढून गेला तेव्हा त्यांच्या तोंडून निघालं, "अरे, आणि कढईतला खवा?"

आकारामनं मागं वळून पाहिलं. मग पायरी उतरला. खवा जोतिबानं आटवला आणि बुडाला लावला. तो 'खास भाजका' म्हणून विकावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळासो आले तेव्हा भट्टी थंड. जोतिबा, तानुबाई, कुतुबुद्दीन तिघं पायरीवर ओळीनं बसलेले.

"काय रे, पेटवली नाही?"

"सुतक हाय न्हवं," जोतिबा म्हणाला.

"कुणाला?"

"आपल्याला. आकारामाच्या घरचं म्हंजे आपल्या घरचं. सुतकात गोडाला हात लावत न्हाईत, बाबा."

बाळासोंनी जोतिबाकडं निरखून पाहिलं. चेहऱ्यावर काहीही नव्हतं. तानुबाईच्याही नव्हतं. ते कुतुबुद्दीनकडं वळले. "तुझं काय? तुमच्यात हे नसतं."

"आमच्यात तीन दीस असतंय," कुतुबुद्दीन म्हणाला. "पन कुटुंबात धा हायत म्हनल्यावर मी एकटा कसा मोकळा फिरू? बरं दिसत न्हाई."

"अरे पण मंगळवारी निकाल."

"निकाल काय, लागंल," तानुबाई म्हणाली. "पोरं पास हुतील. द्येव बगून घेईल."

दुपारपर्यंत लालासाहेबांनी ही बातमी, न विचारता, राजवाड्यापर्यंत पोचवली. त्यानंतर गिऱ्हाइकं पायरीपर्यंत येऊन परत फिरायला लागली. एका बाईंनी तर दारातूनच विचारलं, "परातीतले पेढे सुतकाच्या आधीचे की नंतरचे? औंधला यमाईला न्यायचेत." बाळासो आधीचे म्हणाले. त्या समोर गेल्या.

संध्याकाळी त्यांनी भटजी गाठले. भटजींनी पान लावलं आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "सुतक नात्याचं असतं," ते म्हणाले. "नातं नाही असं चारचौघांत सांगा, आत्ता भट्टी पेटवा."

"म्हणजे पाटी काढायची?"

"पाटी तर काढायचीच."

आता आली का पंचाईत! पाटी काढली तर रविवारी सांगलीकरांना काय दाखवायचं? ठेवली तर मंगळवारी साताऱ्याला काय विकायचं? रात्रभर त्यांनी कूस बदलली आणि पहाटे तोडगा काढला. रविवारपर्यंत कुटुंब ठेवायचं, सोमवारी मोडायचं. मात्र मंगळवारसाठी आकाराम हवाच. घरी सुतक असलं तरी एक दिवस भट्टीवर उभं राहायला काय होतं? समजावून सांगितलं की ऐकेल.

रविवारी मॅटेडोर आली. त्यातून अकरा व्यापारी आणि प्राध्यापक उतरले. समोर थंड भट्टी, रिकाम्या पराती आणि पायरीवर बसलेली तीन गप्प माणसं. बाळासोंनी घाम पुसला आणि कारण सांगितलं.

प्राध्यापकांनी चष्मा काढला. डोळे पुसले. "एका सहकाऱ्याच्या घरी मृत्यू झाला म्हणून हे सगळे सुतक पाळताहेत?" ते व्यापाऱ्यांकडं वळले. "अहो, हे जपानातसुद्धा नाही." अकरा व्यापाऱ्यांनी माना डोलावल्या. प्राध्यापकांनी बाळासोंचा हात हातात घेतला. "देगावकर, कोण गेलं हो?"

"घरचंच," बाळासो म्हणाले. "घरचंच माणूस गेलं."

आणि हे बोलता बोलता त्यांनी जीभ चावली. कोण गेलं होतं? चार दिवस सुतक, खवा, पाटी, भटजी, निकाल. या सगळ्यात हा प्रश्न आलाच नव्हता. निदान त्यांच्या तोंडून आला नव्हता.

"उंब्रज आमच्या वाटेवरच आहे," प्राध्यापक म्हणाले. "आपण सगळेच भेटून येऊ. चला, लेकरांनो."

लेकरं उठली. लालासाहेब सगळ्यात आधी गाडीत चढले.

सातारा ते उंब्रज असा काय मोठा प्रवास नाही. पण त्या दिवशी बाळासोंना तो एवढ्या लवकर संपायला नको होता. आधी ते कुतुबुद्दीनकडं सरकले. "वाईट झालं रे. वय काय असेल?"

"झालं असंल की, बाबा," कुतुबुद्दीन खिडकीबाहेर बघत म्हणाला. "वय कुनाचं थांबतंय."

मग जोतिबाकडं. "आजारपण फार होतं का?"

"कुनाचं?"

"म्हणजे... आपलं, गेलेल्या माणसाचं."

"त्येंचं व्हय? आता गेलेल्या मानसाचं आजारपन काय काढायचं."

तानुबाईला विचारायचा धीर झाला नाही. तीच आपणहून म्हणाली, "लय चांगलं मानूस हुतं, बाबा. तुमचं नाव निघायचं कवामवा." एवढं बोलून तिनं पदर तोंडाला लावला. तो कशासाठी, ते बाळासोंना नक्की कळलं नाही. लालासाहेबांना कोपरानं ढोसलं, तर ते कानाशी लागून म्हणाले, "मी तुमच्याच तोंडाकडं बघत होतो. मला वाटलं, तुम्ही बाप, तुम्हाला माहीत असणार."

आकारामच्या अंगणात घोंगडी अंथरली होती. मुंडण कुणाचं झालंय ते बघून अंदाज बांधावा, असं बाळासोंनी ठरवलं होतं. तर अंगणात सहा गोटे. सगळी भावकी. घराच्या दारात एक बाई उभी होती. आकाराम तिला "आई, पानी आन," म्हणाला, म्हणजे ती त्याची आई. कपाळाला कुंकू होतं. म्हणजे बाप आहे. चला, एक तर कमी झाला. आता आजा, आजी, चुलता, चुलती, भाऊ, आणि देव न करो, लेकरू. आकारामला लेकरं किती, हेही त्यांना आठवेना. दुकानाच्या पाटीवरचा आकडा तेवढा पक्का पाठ होता.

पाणी आलं. तांब्या घोंगडीभर फिरला. शेवटी भावकीतला एक म्हातारा खाकरून म्हणाला, "समोरचं पेढेवालं मातीला हुतं. गुरवारीच आलं. त्येंनी खांदा दिला." हे त्यानं कुणालाच उद्देशून सांगितलं नाही. नुसतं अंगणात ठेवून दिलं. आकाराम खाली बघून घोंगडीचा एक दोरा उसवत बसला. मंगळवार नव्हे, पुढचे सगळेच मंगळवार बाळासोंच्या डोळ्यांपुढून रस्ता ओलांडून पलीकडं निघालेले दिसले.

"देगावकर," प्राध्यापक हळू आवाजात म्हणाले, "कुटुंबप्रमुख या नात्यानं आपण दोन शब्द बोला."

बाळासो उभे राहिले. हात जोडले.

"मंडळी, आकारामवर जो प्रसंग आला तो आम्हा सर्वांवर आलाय. जे माणूस गेलं, त्या माणसाबद्दल मी काय बोलावं? असं माणूस पुन्हा होणे नाही. घराचा आधार होता." ते थांबले, अंगणावरून नजर फिरवली, कुणाच्याही चेहऱ्यावर होकार नाही की नकार नाही. "एका अर्थी सावलीच होती. आमच्या दुकानावर तर त्या माणसाचं फार प्रेम."

तानुबाई मातीकडं बघत होती. कुतुबुद्दीननं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि टोपीकडं बघायला लागला. जोतिबा आढ्याकडं बघत होता, अंगणाला आढं नसताना. लालासाहेबांना खोकला आला आणि तो बराच वेळ थांबेना. सांगलीचे अकरा व्यापारी मात्र मान हलवत होते, आणि प्राध्यापकांनी वही काढली होती.

"पण मंडळी, दुःख उगाळत बसून गेलेलं माणूस परत येत नाही," बाळासोंना आता वाट सापडल्यासारखं वाटलं. आवाज चढला. "त्या माणसाला काय आवडलं असतं? आपल्या आकारामनं हातपाय गाळून बसलेलं? मुळीच नाही. दुःखावर कामासारखं औषध नाही. त्या माणसाच्या आत्म्याला शांती मिळायची तर आकारामनं, आता सांगायचंच झालं तर, येत्या मंगळवारी..."

"मालक, जरा दम धरा."

घराच्या दारातून आकारामची आई राहीबाई दोन पावलं पुढं आली होती. तिनं डोईवरचा पदर सारखा केला. आवाज चढवला नाही.

"तुमास्नी कोन गेलं त्येच ठावं न्हाई. माजी सासू गेली. बनाबाई तिचं नाव. आता बोला काय बोलायचं त्ये."